रस्त्याकडच्या बाभळी

धरणगावात शिरताना, फाटकाच्या अलीकडे
रस्ता अरुंद होतो
आणि दोन्ही बाजूंच्या बाभळी
कापसाच्या गाड्या ओरबाडतात.
नोव्हेंबर अर्ध्यावर आला की
काट्याकाट्याला पांढरं लोंबतं.
कुणी गोळा करत नाही.
मी केलं होतं एकदा, चौथीत असताना, दप्तरात.
घरी पोचेतो त्याचा मातकट बोळा झाला.

हे आठवलं परवा रात्री पावणेदोनला,
जिनिंगमागच्या आमच्या खोलीत
(वडील अजून काट्यावर मुनीम आहेत),
लाइट जाऊन आलेली,
रेचे धडधडत सुरू, कपबशी किणकिणतेय,
आणि लॅपटॉपवर
एक दीर्घिका पुंजात पडत होती.

म्हणजे पडून गेली होती.
नऊ अब्ज वर्षं झाली त्याला.
पुंजाच्या पोटात कोटी अंशांचा वारा असतो,
इतका विरळ की वारा म्हणायचीही लाज वाटावी;
पण ती वेगात होती
आणि वाऱ्याला वेगच लागतो.
तिचा थंड वायू मागे राहत गेला,
तोच, ज्याचे पुढे तारे व्हायचे.
लांबच लांब शेपूट,
आणि शेपटात, उघड्यावर,
तीन निळे ठिपके.
सांडलेल्यातलंही थोडं पेटलेलं.

रामकोर मावशी चहा घेऊन आली.
रात्रपाळीला ती रेच्यांत कापूस टाकते,
भुवयांवर तंतू, पापण्यांवर तंतू.
‘काय देखी ऱ्हायनी व?’
मी म्हटलं, वयं.
निळ्या त्या तरण्या, अजून तारे घडवणाऱ्या;
तांबूस झाल्या की समजायचं, थांबल्या.
‘हाई ते कपाशीनं फूल,’ ती म्हणाली.
‘पहिला दिन दुधी, दुसरा दिन गुलाबी.
रंग देखीसन समजस.’
मी आठ वर्षं शिकले होते हे.

मग तिने आकड्यांवर बोट ठेवलं.
वर्षाला चाळीस सूर्य जन्मतात इथे, मी वाचून दाखवलं,
बारा इकडे तिकडे.
‘बारा सूर्य आठेतठे?’
ती इतकी हसली की चहा सांडला.
‘आमना काटावर पावशेर गया तरी भांडन व्हस.’

तिचे दोन्ही मुलगे सुरतेला, उधन्यात, लूमवर.
ती त्यांचं काही बोलली नाही.
एवढंच म्हणाली की गर्दीत माणूस विझतो.
मी म्हटलं, जवळच्या पुंजांत तसंच आहे,
मधोमध सगळ्या म्हाताऱ्या, तांबड्या, गप्प.
पण हा फार लांबचा, म्हणून फार आधीचा,
आणि इथे मधल्याच सर्वांत जास्त जळतायत.
का, ते नीट माहीत नाही.
शंका होती म्हणून तीनदा मोजलं.

ती पडद्याकडे बघत राहिली,
शेतात उभं राहून आभाळ बघावं तशी नाही,
वजनकाट्याकडे बघावं तशी.
‘मंग ती आते कशी शे?’

आते.
आत्ताचा तिचा उजेड निघालाय,
पण तो पोचेल तेव्हा
ना काटा, ना फाटक, ना हे विचारणारं कुणी.
मी म्हटलं, ठाऊक नाही.
तिने कप उचलले.
भोंगा झाला होता.

सकाळी जळगावची गाडी फाटकात अडकली.
मालगाडी, अठ्ठावन्न डबे, मी उगाच मोजले.
खिडकीबाहेर बाभळी, काट्यांवर कालच्या गाड्यांचा कापूस,
आणि बुंध्याशी धुरळ्यात
कुणी न पेरलेलं कपाशीचं एक रोप.
कधीतरी एखादी सरकी गळली असणार.
त्याला एकच फूल.
मधे बस हलली.
दुधी होतं की गुलाबी
ते बघायचं राहिलं.